दिवाडीला बाबागाडी

इचलकरंजीहून निघताना ती डिकीत होती,
मग नव्हती, मग पुन्हा होती.
नंदन म्हणाला, साडेपाच वर्षांची घोडी झालीय,
अंगणात तासभर लंगडी घालते.
मी म्हणाले, लंगडी तासाची,
सुट्टी सहा दिवसांची.

पणजीत, मळ्यातल्या खोलीवर,
सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की
रोज तोच खटला उभा राहतो.
न्यायची? नको?
चर्चच्या पायऱ्यांवर ती उचलावी लागते,
आत मुलगी असो वा नसो.
मिरामारच्या वाळूत चाकं रुततात
आणि आपण नांगर धरल्यासारखे वाकतो.
पण दुपारी अडीचला,
सावल्या दुकानांच्या आत जाऊन बसतात तेव्हा,
'आई, माझे पाय संपले'
हे कुठल्या कोर्टात खोडून काढायचं?

शाल्मली बसली की गुडघे हनुवटीला लागतात,
सँडलची टोकं रस्ता घासत येतात.
लोक आधी गाडीत बघतात, मग माझ्याकडे.
बागेपाशी एका बाईंनी हळूच, मायेनं विचारलं,
'पायाला काही आहे का हो बाळाच्या?'
'नाही नाही, दमलीये नुसती.'
पाव संपला, दुपार संपली, समुद्र झाला,
तरी त्या दुसऱ्या 'नाही'ची घाई
दाताच्या फटीत अडकून राहिली.
कुणाला घाबरून म्हणाले मी ते?
एखादी आई असेल, तिला असं म्हणता येत नसेल,
ती मागच्याच बाकावर बसली असेल तर?

चौथ्या दिवशी जुन्या गोव्याहून फेरीबोट.
उतारावर गाडी हात सोडवून घेऊ पाहत होती,
मांडवीनं नावानं हाक मारल्यासारखी.
बोटीत स्कूटरी, एक गॅसचा सिलिंडर,
दोन मास्तर, छत्रीएवढी हॅट घातलेला पर्यटक
आणि फिलोमिना. तिचं नाव नंतर कळलं.
डोक्यावर बांगड्यांची पाटी,
मानेवरून ओघळणारं खारट पाणी.
शाल्मली घारी बघायला कठड्याशी गेली.
रिकामी बैठक बघून ती म्हणाली,
'बाय, हांगा दवरूं?'
माझ्या तोंडात 'अहो, पण' तयार होतं.
त्याच्या आधी मागून आवाज आला, 'ठेवा!'

मग दिवाडीच्या रस्त्यावर, दोन्हीकडे शेतं,
पुढे फिलोमिना गाडी ढकलत,
बांगडे पट्टा लावून नीट बसलेले,
आणि बाजूनं शाल्मली, एक हात दांडीवर,
धाकट्या भावंडाला फिरायला नेल्यासारखी.
'ऊन लागतंय का त्यांना?' असं दोनदा विचारलं.
फिलोमिनानं पदराचा ओला फडका त्यांच्यावर टाकला.
दीड किलोमीटर. मी मोजलं.
नंदननं माझ्याकडे पाहिलं,
मी एका बगळ्याकडे.
'देव बरें करूं,' म्हणत तिनं
चार बांगडे माझ्या हातात कोंबले.
खोलीवर चूल नाही,
हे सांगायला मला कोंकणी सुचेना.

रात्री बैठक धुतली. लिंबू, अंगाचा साबण,
शेवटी नंदनचं आफ्टरशेव्ह.
पाचव्या सकाळी भोंपू वाजला.
आम्ही दोघं तोंड उघडणार
एवढ्यात शाल्मली वाकली, नाक लावलं, मागे सरली.
'हिला माशांचा वास येतो. मी चालते.'

निकाल लागला. अपील नाही.
आल्तिनोच्या चढावर, निम्म्यात,
पाय संपले.
नंदन खाली बसला, ती पाठीवर चढली,
मी दोन सँडल हातात घेऊन मागे,
कुणी जिंकलं हे न बोलता.

परत आलो तर गॅलरीत, उन्हात वाळत ठेवलेल्या गाडीत
मालकीणबाईंचं पिवळं मांजर
गुडघे हनुवटीला न लावता,
ऐसपैस झोपलेलं.
उद्या निघायचंय. डिकी लावायचीय.
शाल्मली म्हणते, शूऽऽ,
आता काय ते
तिला उठल्यावर विचारा.